मास्तरांच्या चादरी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं ते हे, की मागची खोली आपली नाही. ती चादरींची आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी आणि उशांचे अभ्रे, खाली ठिबकणारं पाणी टिपायला जुने टॉवेल. खिडकी उघडी, पण तिला पडदा. मला वाटलं घरात बरीच माणसं असतील. माणसं आम्ही तीनच: सासूबाई, आमचे हे, आणि मी. मग या चादरी कुणाच्या, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "धुवायच्या होत्या, धुतल्या." याहून लांब उत्तर त्यांच्याकडून मिळायचं तर त्यांना ताप यावा लागतो.

सासूबाईंनी उभा जन्म एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढला. वाफेत, साबणाच्या पाण्यात. त्यांचे हात मनगटापर्यंत फिके आणि सुरकुतलेले आहेत, जणू दुसऱ्याच कुणाचे आणून लावलेत. नोकरी संपली, पण हातांना ते कुणी सांगितलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत जी म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली होती, किंवा खिळली नव्हती पण ज्यांचं अंथरूण कोरडं राहत नव्हतं, त्यांच्या चादरी त्या आणू लागल्या. घरची माणसंही जे नाक मुरडून उचलतात, ते त्या न सांगता उचलून आणत.

मी औषधांच्या दुकानात काम करते. त्यामुळे या बाबतीतली लाज किती मोठी असते हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. चांगली धिप्पाड माणसं येतात, आधी खोकल्याचं औषध मागतात, मग साबण, मग दुकान रिकामं होईपर्यंत टूथब्रश निवडत बसतात, आणि शेवटी खाली बघून जे हवं असतं ते मागतात. मी ते तपकिरी कागदात बांधते आणि हवापाण्याच्या गप्पा मारते. म्हणून सासूबाईंचा पडदा मला लवकर समजला. बाहेर लख्ख ऊन असलं तरी चादरी आतच वाळायच्या. बाहेरच्या दोरीवर रोज चादर दिसायला लागली की शेजारपाजारचे लोक बरोब्बर अंदाज बांधतात.

चादरी आणायची त्यांची रीतही ठरलेली. बाजाराची मोठी पिशवी, तळाशी चादर, वर पालेभाजीची एक जुडी. रस्त्यात कुणी भेटलं तर सासूबाई बाजारातून येतायत. ती जुडी खाण्यासाठी नसते, ती पिशवीची नोकरी करते, हे मला एकदा ती शिजवून वाढल्यावर कळलं. आमच्या ह्यांनी एक घास घेतला, आईकडे बघितलं आणि पाणी प्यायले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या नवी आणीन."

चादरी कुणाच्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण एक घर मला ठाऊक झालं, कारण तिथली गादीची खोळ ओली असताना त्यांना एकटीला उचलवेना. ते घर गायनमास्तरांचं.

मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचा कणा. ताठ कॉलर, डोक्यावर हॅट, चालताना हातातली काठी जमिनीला टेकतेय की जमिनीला दरडावतेय ते कळू नये. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी गायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना गाऊ नका म्हणून बजावलं. मी दुसऱ्या गटातली. आमच्याकडे सभेतली प्रार्थना संपली की 'आमेन' म्हणत नाहीत, गातात, आणि त्याचा पहिला स्वर मास्तर देतात. तो मिळेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. एकदा मास्तरांना नेमकी त्याच वेळी उचकी लागली, तर सगळी मंडळी डोळे मिटून ती थांबायची वाट बघत उभी होती, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांसकट.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घर दोन खोल्यांचं, त्यातली पुढची पियानोने खाऊन टाकलेली. एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात, मोठ्या हुद्द्यावर. ती वाईट नाही, पण सरळ रेघेत विचार करणारी. मास्तर एकदा पायरीवरून घसरले तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "बाबा, ज्या दिवशी तुमचं तुम्हाला होत नाही असं मला कळेल, त्या दिवशी मी तुम्हाला घेऊन जाईन. मग हुज्जत घालायची नाही." म्हणजे मास्तरांचं घर, पियानो, शनिवारचा गायनवर्ग, तो पहिला स्वर, हे सगळं एकाच गोष्टीवर टिकून होतं. रात्री काय होतं ते कुणाला कळता कामा नये.

सासूबाईंना ते कसं कळलं? पुढे कधीतरी त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. मास्तरांना ताप होता म्हणून त्या सूप घेऊन गेल्या होत्या. खोलीत शिरल्या, वास आला, सूप ठेवून परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेल्या. मास्तरांनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं, बाजूला झाले आणि जाऊन पियानोवर बसले. झालं. तिथून पुढे कितीतरी वर्षं हेच. सासूबाई यायच्या वेळी दार नुसतं लोटलेलं असे. न्हाणीघरात टबात बोचकं, त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं. सासूबाई मुख्य मळ तिथेच काढत. नळाचा आवाज वाढला की बाहेर पियानोचाही वाढायचा. नळ बंद झाला की पियानो बंद. मग मास्तर विचारायचे, "बाई, चहा घेणार?" दोघं चहा घेत. मास्तर बायकांच्या गटाच्या नावाने खडे फोडत, की त्या शेवटचा स्वर ओढत नेतात. संगीतातलं ओ की ठो कळत नसलेल्या सासूबाई म्हणत, "हो, ओढतात खऱ्या." चादरींबद्दल दोघांमध्ये कधीही, एका शब्दानेही, काही बोललं गेलं नाही.

खोळ उचलायला मी गेले होते त्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "हवा बरी आहे आज." बाहेर धो धो पाऊस पडत होता. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू नको येऊ पुन्हा. तुझ्यासमोर त्यांना वाजवता आलं नाही." मी पुन्हा गेले नाही.

आता आमच्या मंडळीची एक चाल सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या माणसाला प्रार्थनेचा एक जोडीदार असतो. आठवड्यातून एकदा दोघांनी बसायचं, मनावर जे ओझं असेल ते एकमेकांना सांगायचं आणि त्यासाठी प्रार्थना करायची. नियम एकच: जोडीतलं जोडीत. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, पाळकालाही नाही.

सासूबाईंची जोडीदारीण म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकू. तरुणपणापासूनच्या मैत्रिणी. सासरे वारले तेव्हा काकू दुकानाला कुलूप लावून इथे येऊन राहिल्या, सासूबाईंच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपल्या, त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं. हे मी विसरत नाही. कितीही राग आला तरी विसरत नाही. काकू बोलायच्या आणि सासूबाई ऐकायच्या, अशी ती जोडी जमून गेली होती. त्यात काकूंची प्रार्थना म्हणजे मंडळीत नाव असलेली. शब्द असे सरसर येत की खुद्द पाळकसाहेब एक डोळा किलकिला करून बघत. लोक म्हणत, प्रार्थना करावी तर काकूंनी. काकूही ते ऐकत.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी सासूबाई पिशवी घेऊन आल्या त्या मागच्या खोलीत न जाता स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसल्या. हात मांडीवर, ओलेच. मी विचारलं, "आई, काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही." झालं होतं ते मला नंतर कळलं, ते असं, की चादरीवर लाल डाग होता. एकदा नाही, लागोपाठ काही दिवस. हॉस्पिटलच्या चादरींमध्ये जन्म गेलेल्या बाईला अशा डागाची भीती काय वाटली असेल ते सांगायला नको. पण मास्तरांना विचारायचं कसं? विचारायचं म्हणजे ते वर्तमानपत्र उचलायचं, इतक्या वर्षांत दोघांनी जपलेलं न बोलणं मोडायचं.

मला सांगितलं असतं तर? मी दिवसभर डॉक्टरांच्याच चिठ्ठ्या वाचते. कोणाकडे न्यायचं, मास्तरांचा मान राखून कसं न्यायचं, काहीतरी सुचवलं असतं. पण ओझं जोडीत उतरवायचं असतं. अंथरुणात रक्त दिसल्यावर डॉक्टरच्या आधी शिवणकाम करणाऱ्या बाईकडे जाणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला माहीत नाही. आमच्या मंडळीत असतात. सासूबाई काकूंकडे गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुणाच्या चादरी, कधीपासून, काय दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, "मला काय करावं ते सुचत नाही. ते सुचावं म्हणून प्रार्थना कर." काकू रडल्या, दोघींनी हात धरले, प्रार्थना केली. सासूबाई घरी आल्या तेव्हा चेहरा हलका झाला होता. जेवल्याही नीट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनासभा होती. मास्तर नेहमीप्रमाणे पुढच्या बाकावर. आम्ही मधल्या. शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांनी काकूंना सांगितली. काकू उभ्या राहिल्या, डोळे मिटले, सुरुवात झाली. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे. आजाऱ्यांना बरं कर. तरुणांना वाईट संगतीपासून दूर ठेव. सगळं नेहमीचं. मी मनात उद्याच्या भाजीचा विचार करत होते. मग काकूंचा आवाज भरून आला.

"आणि प्रभू, तुझा जो सेवक आम्हाला स्वर देतो, त्याचं अंथरूण रात्री ओलं होतं, हे तू बघतोस. तुझी दासी रोज गुपचूप जाऊन त्या चादरी धुते, तिचे हात तू बघतोस. आता त्या चादरींवर रक्त दिसलंय, प्रभू. त्याच्या मूत्राशयाला तू हात लाव. ते रक्त थांबव. त्याला कोरडं अंथरूण दे."

मी डोळे उघडले. सासूबाईंनी पुढच्या बाकाची पाठ पकडली होती आणि बोटं पांढरी पडली होती. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खरं पाणी. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं.

"येशूच्या नावाने मागते," असं म्हणून काकू थांबल्या.

आणि मग आम्ही सगळे स्वराची वाट बघत उभे. दुसरं काय करणार. कुणी खोकलं नाही, कुणी डोळे उघडले नाहीत, म्हणजे उघडले असतील तर लगेच मिटले. मला मास्तरांची पाठ दिसत होती आणि कॉलरच्या वरची मान, जी हळूहळू लाल होत गेली. वाटलं, आता हे उठून जातील. मग स्वर आला. नेहमीच्याच पट्टीत, जरासुद्धा न हलता. मंडळीने त्यावर आमेन गायलं. स्वतःच्या ओल्या अंथरुणाच्या प्रार्थनेला त्या माणसाने स्वतःच स्वर दिला, आणि आम्ही सगळे त्या स्वरावर गायलो. मीसुद्धा, जिला त्यांनी गाऊ नको म्हणून सांगितलं होतं.

मास्तरांनी हॅट उचलली आणि मधल्या वाटेने बाहेर गेले. कुणाकडेच बघितलं नाही. पण आमच्या बाकाशी आल्यावर मान मुद्दाम दुसरीकडे वळवली.

बाहेर अंगणात काकू आल्या त्या चेहरा उजळलेला. सासूबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अगं, मला राहवलंच नाही. शब्द माझे नव्हतेच, प्रभूनेच दिले."

सासूबाई म्हणाल्या, "जोडीतलं होतं ते."

"मग मी कुणाला सांगितलं का? मी देवाशी बोलत होते."

"देव एकटा नव्हता तिथे," सासूबाई म्हणाल्या आणि हात सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन गेल्या. दार लोटलेलं नव्हतं, बंद होतं. आत पियानो चालू. त्यांनी कडी वाजवली. पियानोचा आवाज वाढला. पुन्हा वाजवली, आणखी वाढला. त्या तशाच परत आल्या. त्यानंतर रोज गेल्या, रोज परत आल्या. मागच्या खोलीतल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या, कारण मंडळीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही हळूच नको म्हणायला सुरुवात केली. एका आजीबाईंनी तर तोंडावर सांगितलं, "राहू दे बाई, आता तुझ्याकडे दिलं की ते चर्चमध्ये पोचतं." सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. जिने आयुष्यभर तोंडावर कुलूप ठेवलं तिच्यावर बोभाटा केल्याचा आळ आला होता, आणि जिच्या तोंडात तीळ भिजला नाही तिचं लोक कौतुक करत होते.

कारण मंडळी प्रेमाने पेटून उठली होती. पाळकबाई दुकानात येऊन भर गर्दीत मला म्हणाल्या, "मोठ्या माणसांचे लंगोट असतात ना गं, ते दे. चांगल्यातले दे, मास्तरांसाठी आहेत." मी तपकिरी कागद काढला तर म्हणाल्या, "कागद नको, टोपलीत ठेवून रिबीन बांधणार आहोत." ती टोपली मास्तरांच्या पायरीवर जाऊन बसली. मास्तरांनी ती आत घेतली नाही. येणारेजाणारे रिबीन बघत, मग खिडकीकडे बघत. कुणीतरी काळजीपोटी लेकीला फोनही केला. कुणी ते कळलं नाही. तीन-चार जणांनी तरी केला असणार.

लेक आली आणि बापाला थेट मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मूत्राशयात खडा निघाला, बराच जुना. तो काढला. रक्त थांबलं, आणि खड्याबरोबर रात्रीचा त्रासही बहुतेक गेला. ही बातमी लेकीनेच मला दुकानात औषधं घेताना सांगितली. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू. घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई उठून मागच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या डोळे पुसत. म्हणाल्या, "आता बरे झालेत, तर दार उघडतील."

रविवारी उपासनेत काकू साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. प्रार्थना कशी केली, शब्द कसे मिळाले, प्रभूने कसं ऐकलं. चादरींची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. मास्तर त्या दिवशी आले नव्हते, त्यामुळे आमेनचा स्वर आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या बायकोने दिला आणि तो इतका वर दिला की निम्मी मंडळी किंचाळली. मी उठणार होते. काकूंना तिथल्या तिथे विचारणार होते, की काकू, जोडीचा नियम देवाने मोडला की तुम्ही? आमच्या ह्यांनी माझं कोपर धरून ठेवलं.

घरी जाताना रस्त्यात त्या मला म्हणाल्या, "ते बरे झाले, हे चांगलंच ना?"

"चांगलंच."

"मग मला आनंद का होत नाही?" थोडं चालून पुढे म्हणाल्या, "मी तिच्याजवळ मन मोकळं केलं. तिने ते सगळ्या गावाला वाढलं, आणि वर कौतुकही तिचंच. केसाने गळा कापला माझा. आणि तिला ते कळलेलंसुद्धा नाही." सासूबाईंना एवढं एका वेळी बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दार मात्र उघडलं नाही. लेक आता म्हणत होती, की बाबा बरे आहेत, राहू देत इथेच. मास्तरांनीच नाही म्हटलं. लेक मला म्हणाली, "त्यांना विचारलं, तुम्हाला हवं ते घर, हवा तो पियानो, आता काय अडचण आहे? तर म्हणतात, त्या लोकांसमोर मला तोंड उघडता येणार नाही." ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं नळ आणि पियानो एकत्र चालले, ती गोष्ट आजाराने नाही, प्रार्थनेने गेली.

मास्तर जायच्या दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "चल जरा." आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलो. दारात लेकीची गाडी होती. सामान हलवणारी माणसं पियानो आदल्या दिवशीच घेऊन गेली होती आणि आता उरलंसुरलं बाहेर काढत होती. मोडकी खुर्ची, जुन्या बादल्या. मग त्यांनी गादी आणली आणि कचऱ्याच्या गाडीसाठी फुटपाथवर टाकली. उजेडात, रस्त्याच्या बाजूला. मधोमध तो वर्षानुवर्षांचा मोठा पिवळा डाग, त्यावर कडेने तपकिरी. ती चर्चला जायची वाट. शनिवारच्या गायनवर्गाला लोक याच वाटेने येतात.

सासूबाई तरातरा गेल्या. गादी उलटी करायला गेल्या तर दुसऱ्या बाजूलाही तेच. आत ओढून न्यायची तर दारातून उरलेलं सामान बाहेर येत होतं. अंगावरची शाल काढून पसरून बघितली, ती पुरेना. इकडेतिकडे बघितलं. आणि मग त्या गादीवर मधोमध बसल्या.

"तू पण बस," मला म्हणाल्या, "त्या कडेला."

मी बसले. दुकानात पांढरा कोट घालून उभी राहणारी मी, भर सकाळी फुटपाथवर गादी टाकून बसले. गायनवर्गाच्या दोघी बायका समोरून आल्या, थबकल्या. "काय हो, इथे कुठे?" सासूबाई म्हणाल्या, "जरा टेकलोय." त्या मान हलवत निघून गेल्या.

मास्तर बाहेर आले. हॅट, ताठ कॉलर, काठी. त्यांनी आम्हाला बघितलं, आम्ही कशावर बसलोय ते बघितलं. लेकीने हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी आमच्यापाशी आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितली आणि काच खाली केली.

"बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. तुम्हीही कधी विचारलं नाहीत." आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं होतं, तुम्ही कुणाला सांगणार नाही."

"सांगितलं, मास्तर," सासूबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. माझ्या गुडघ्यावर सासूबाईंचा हात पडला, जड, आणि तिथेच राहिला. मास्तर काच खाली ठेवून थांबले होते. आणखी एखादं वाक्य येईल म्हणून थांबले होते, असं मला अजून वाटतं. ते आलं नाही. काच वर गेली आणि गाडी निघाली.

मी अक्षरशः रडत होते. "आई, का नाही सांगितलंत? रक्त बघून घाबरलात म्हणून एकीलाच सांगितलं होतंत. ढोल तिने वाजवला."

"एकीला सांगितलं ना," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं होतं. माझं नव्हतं."

"चला आता घरी."

"कचऱ्याची गाडी येऊ दे."

ती लवकर येईना. तेवढ्यात कोपऱ्यावरून काकू आल्या, गायनवर्गाचे नवे झगे हातावर घेऊन. आम्हाला बघून लगबगीने जवळ आल्या. "अगं बाई, रस्त्यात काय बसलीस अशी?"

ज्या बाईशी आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, तिच्याकडे सासूबाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "पाय दुखत होते."

काकूंना ते खरं वाटलं. त्यांनी झगे दुसऱ्या हातावर घेतले आणि नेहमीसारखा हात पुढे केला. "थांब, तुझ्या पायांसाठी प्रार्थना करते." डोळे मिटले होते.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी डोळे उघडले. "अगं, आत्ता होईल. दोन शब्द."

"नको म्हटलं ना."

आमच्या मंडळीत प्रार्थनेला कुणी नाही म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. काकूंनीही ऐकलं नसावं. त्यांचा हात सासूबाईंच्या डोक्याच्या वर तसाच, न टेकता, राहिला.